लिंबूटिंबू, गोल्फ आणि एक बिघडलेला पेपर : हँडिकॅपसाठी स्कोअर कसा जुळवतात?



आमच्या भाईंदरला संध्याकाळी सोसायटीच्या आवारात मुलं खेळायला उतरली की एक शब्द हमखास कानावर येतो – लिंबूटिंबू. मोठ्या मुलांच्या खेळात कुणाची तरी धाकटी बहीण घुसते. तिला नाही म्हणता येत नाही, आणि घेतलं तर ती पहिल्या फटक्यातच बाद होणार. मग सगळ्यांचं एकमत होतं : "ही लिंबूटिंबू." म्हणजे ती खेळेल, पळेल, पण बाद झाली तरी तिच्यावर राज्य येणार नाही.

सोय छान आहे. पण त्या लिंबूटिंबूला कधी विचारून बघा. चार दिवस तिला मजा वाटते, पाचव्या दिवशी ती रुसते. कारण तिला कळलेलं असतं की आपण खेळात आहोत, पण हिशेबात नाही.

मग प्रश्न असा, की कच्चे आणि पक्के खेळाडू एकत्र खेळतील आणि तरीही सगळे हिशेबात असतील, अशी काही व्यवस्था करता येईल का? गोल्फ या खेळाने ती केली आहे. तिला हँडिकॅप म्हणतात. आजच्या लेखात आपण हँडिकॅप म्हणजे काय आणि त्यासाठी खेळाडूचा स्कोअर न्याय्य पद्धतीने कसा जुळवतात, हे समजून घेऊया. गोल्फ कधी पाहिला नसेल तरी चालेल. बेरीज, वजाबाकी आणि सरासरी येत असली की पुरे.

हा विषय माझ्याकडे कसा आला?

आधी माझी एक चूक सांगते. मी पाचवीला शिकवते. मागे माझ्या वर्गातल्या एका मुलीचे गणिताच्या पाच चाचण्यांचे गुण (प्रत्येकी २० पैकी) असे होते :

१५, १६, १४, ३, १६

बेरीज ६४, भागिले ५, सरासरी १२.८. मी सरासरी बघितली आणि प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, 'गणितात सुधारणा आवश्यक.' पालकसभेला तिची आई आली तेव्हा समजलं की त्या चौथ्या चाचणीच्या आदल्या रात्री धाकट्या भावाला डेंग्यूमुळे दवाखान्यात दाखल केलं होतं. ही मुलगी रात्रभर शेजाऱ्यांकडे जागी होती आणि सकाळी तशीच शाळेत आली होती. माझा शेरा वाचल्यापासून तिने वर्गात हात वर करणं सोडलं होतं, हे मात्र मला आईने सांगावं लागलं नाही. ते मला दिसत होतं, फक्त कारण कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात मी कुर्ल्याला मामांकडे गेले होते. मामांनी तरुणपणी मुंबईतल्या एका गोल्फ क्लबात कॅडीचं काम केलं. कॅडी म्हणजे खेळाडूची काठ्यांची जड बॅग घेऊन त्याच्याबरोबर चालणारा आणि 'इथे हा क्लब घ्या, वारा डावीकडून आहे' असा सल्ला देणारा माणूस. मी त्यांना हा किस्सा सांगितला. मामा हसले आणि म्हणाले, "अगं, आमच्याकडे एखाद्या साहेबाला एका होलवर अकरा फटके लागले, तर हँडिकॅपच्या हिशेबात अकरा धरत नाहीत. सात धरतात."

"का? साहेब म्हणून?" मी विचारलं.

"छे! नियम सगळ्यांना एकच. त्याची कुवत अकराची नाही, एवढंच."

घरी येईपर्यंत लोकलमध्ये माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. मग मी त्या नियमाच्या मागेच लागले. जे समजलं ते तुमच्यापुढे मांडते.

गोल्फ, दोन मिनिटांत

गोल्फच्या पूर्ण मैदानावर १८ 'होल' असतात. प्रत्येक होलला सुरुवातीच्या जागेपासून चेंडू मारत मारत शेवटी झेंडा लावलेल्या भोकात घालायचा. जितके कमी फटके, तितकं चांगलं. म्हणजे आपल्या परीक्षेच्या बरोबर उलट : इथे ज्याचा आकडा लहान तो हुशार.

प्रत्येक होलचा एक अपेक्षित आकडा ठरलेला असतो, त्याला 'पार' म्हणतात. लांबीनुसार पार ३, ४ किंवा ५ असतो. पारपेक्षा एक फटका जास्त लागला तर 'बोगी', दोन जास्त लागले तर 'डबल बोगी'. १८ होलच्या पारची बेरीज बऱ्याच मैदानांवर ७२ च्या आसपास येते.

आपल्या जवळपास बघायचं तर चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचं मैदान आहे, विलिंग्डन क्लबचं आहे, आणि खारघरच्या डोंगराच्या कुशीत सिडकोने एक केलं आहे. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून गोल्फ खेळला, हे मुलांना जरूर सांगा. पण व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धेत हँडिकॅप नसतो. तिथे सगळे सारख्याच पायरीवर उभे असतात. हँडिकॅप आहे तो तुमच्या-आमच्यासारख्या हौशी खेळाडूंसाठी.

'हँडिकॅप' शब्दाने दचकू नका

हा शब्द आपण शारीरिक अपंगत्वासाठी वापरलेला ऐकलाय. आता तो तसा वापरत नाहीत, दिव्यांग म्हणतात, आणि तेच योग्य. पण शब्दाचा मूळ अर्थ वेगळाच आहे. इंग्लंडात वस्तूंच्या अदलाबदलीचा 'हँड इन कॅप' म्हणजे 'टोपीत हात' असा एक जुना खेळ होता. दोघांच्या वस्तूंच्या किमतीत फरक असेल तर तो किती, हे तिसरा तटस्थ माणूस ठरवायचा. पुढे हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत आला. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन द्यायचं, म्हणजे शर्यत चुरशीची होते. आपल्या महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर अशा हँडिकॅप शर्यती होतात.

तेव्हा हँडिकॅप म्हणजे उणीव नव्हे. दोघांमधला फरक तटस्थपणे मोजणं, हा त्याचा मूळ अर्थ.

हँडिकॅप २० म्हणजे काय?

समजा एका खेळाडूचा एखाद्या मैदानावरचा हँडिकॅप २० आहे. म्हणजे त्याला १८ होलमध्ये मिळून २० फटक्यांची सवलत. दुसऱ्याचा हँडिकॅप ५, त्याला ५ फटक्यांची सवलत. दोघं एकत्र खेळले. पहिल्याला १०१ फटके लागले, दुसऱ्याला ८४.

पहिला : १०१ − २० = ८१
दुसरा : ८४ − ५ = ७९

दुसरा जिंकला, पण दोनच फटक्यांनी. सवलत नसती तर १७ फटक्यांचा फरक होता आणि पहिल्याने पुन्हा त्याच्याबरोबर खेळायचं नावही काढलं नसतं. (अधिकृत स्पर्धेत खेळाच्या प्रकारानुसार या सवलतीचे काही टक्केच धरतात. तो भाग आपण इथे सोडून देऊ.)

ही २० ची सवलत कुठे कुठे द्यायची, तेही ठरलेलं असतं. प्रत्येक होलला अवघडपणानुसार १ ते १८ क्रमांक दिलेला असतो, त्याला 'स्ट्रोक इंडेक्स' म्हणतात. सर्वसाधारणपणे क्रमांक १ म्हणजे जिथे सवलतीची गरज सगळ्यात जास्त असा होल. २० पैकी १८ फटके १८ होलना एकेक वाटले. उरले दोन. ते क्रमांक १ आणि २ च्या होलना. म्हणजे या खेळाडूला त्या दोन होलवर दोन-दोन फटके सवलत, बाकी सगळीकडे एक.

अकराचे सात कसे होतात?

आता मुख्य भाग. खेळाडूचा हँडिकॅप त्याच्या जुन्या स्कोअरवरून काढतात. पण एखाद्या दिवशी एका होलवर चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला, मग पाण्यात गेला, आणि ४ च्या जागी ११ फटके लागले, तर? ते ११ जसेच्या तसे धरले तर एका होलमुळे अख्ख्या दिवसाचं चित्र बिघडतं. म्हणून हँडिकॅपसाठी प्रत्येक होलच्या स्कोअरला एक कमाल मर्यादा घातली आहे :

मर्यादा = त्या होलचा पार + २ + त्या होलवर मिळणारी सवलत

याला 'नेट डबल बोगी' म्हणतात. सवलत धरूनही दोन फटके जास्त, त्यापलीकडे मोजायचं नाही. मघाच्या १०१ फटक्यांच्या खेळाडूचे तीन होल घेऊन बघूया.

१) चौथा होल : पार ४, अवघडपणाचा क्रमांक ७, सवलत १. मर्यादा ४ + २ + १ = ७. लागले ११. धरायचे ७. (४ कमी)

२) बारावा होल : पार ३, क्रमांक १४, सवलत १. मर्यादा ३ + २ + १ = ६. लागले ८. धरायचे ६. (२ कमी)

३) सोळावा होल : पार ५, क्रमांक २, सवलत २. मर्यादा ५ + २ + २ = ९. लागले ९. मर्यादेतच आहेत, ९ च धरायचे.

बाकीचे होल मर्यादेच्या आत होते असं समजू. म्हणजे एकूण ६ कमी झाले. हँडिकॅपसाठी जुळवलेला स्कोअर १०१ − ६ = ९५.

इथे एक गोष्ट नीट बघा. चौथ्या होलचा वाईट खेळ पुसून टाकला नाही. सात हा पार चारच्या होलवर वाईटच स्कोअर आहे. वाईटाला वाईटच म्हटलंय, फक्त 'याहून वाईट मोजून खेळाडूबद्दल नवीन काही कळत नाही' अशी रेघ मारली आहे.

नवीन खेळाडूचा हँडिकॅप अजून ठरलेलाच नसतो. मग सवलत कुठून आणायची? त्याच्यासाठी मर्यादा पार + ५. नवख्याला जास्त सैल, अनुभव वाढला की घट्ट.

पूर्वी अमेरिकेच्या पद्धतीत मर्यादा वेगळी होती. २० ते २९ हँडिकॅपच्या खेळाडूला कुठल्याही होलवर जास्तीत जास्त ८. सोपा नियम, पण बारकाईने बघा. आपल्या खेळाडूचे बाराव्या होलवरचे ८ तसेच राहिले असते, जरी ते पारपेक्षा ५ जास्त आहेत. आणि सोळाव्यावरचे ९ कापले गेले असते, जरी ते पारपेक्षा ४ च जास्त आहेत. लहान होलला आणि लांब होलला एकच माप लावलं की असं होतं. जगभर अशा सहा वेगवेगळ्या पद्धती चालू होत्या. २०२० मध्ये त्या एकत्र करून 'वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम' आली आणि पार, सवलत दोन्ही लक्षात घेणारी नवी मर्यादा सगळीकडे लागू झाली. भारतात हे काम इंडियन गोल्फ युनियन बघते.

दोन वेगळे हिशेब

इथे पालकांच्या मनात शंका येईल. मग काय, स्पर्धेतही त्याचे १०१ चे ९५ करून त्याला जिंकवायचं? नाही! हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

स्पर्धेच्या निकालात १०१ हे १०१ च. वर आपण १०१ − २० = ८१ असंच केलं, ९५ − २० केलं नाही. (९५ − २० = ७५ केलं असतं तर निकालच उलटला असता, बघा.) जुळवलेला स्कोअर फक्त पुढचा हँडिकॅप ठरवण्यासाठी वापरायचा.

म्हणजे हे दोन हिशेब आहेत :

- आज काय घडलं? → १०१
- या खेळाडूची कुवत किती आहे? → त्यासाठी ९५

दोन्ही आकडे खरे आहेत, कारण प्रश्न वेगळे आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला दिलं की अन्याय होतो. माझ्या त्या शेऱ्यात नेमकं हेच झालं होतं. 'त्या दिवशी काय घडलं' याचा आकडा मी 'हिला गणित किती येतं' याच्या जागी लिहिला.

मैदान सगळीकडे सारखं नसतं

९५ हा आकडा चांगला की वाईट, हे मैदान बघितल्याशिवाय सांगता येत नाही. जसं सोप्या पेपरातले ७० आणि अवघड पेपरातले ७० सारखे नाहीत. म्हणून प्रत्येक मैदानाला दोन आकडे दिलेले असतात.

'कोर्स रेटिंग' म्हणजे अगदी तरबेज, सवलतीची गरज नसलेल्या खेळाडूला तिथे साधारण किती फटके लागावेत. 'स्लोप रेटिंग' म्हणजे साधारण खेळाडूला तेच मैदान तरबेज खेळाडूच्या मानाने किती जास्त अवघड जातं. स्लोप ५५ ते १५५ मध्ये असतो, आणि प्रमाण मैदानाचा स्लोप ११३ मानला आहे.

आपल्या उदाहरणात कोर्स रेटिंग ७१ आणि स्लोप १२० धरू. मग त्या दिवसाचा तुलना करण्याजोगा आकडा असा निघतो :

(११३ ÷ स्लोप) × (जुळवलेला स्कोअर − कोर्स रेटिंग)
= (११३ ÷ १२०) × (९५ − ७१)
= २२.६

याला 'स्कोअर डिफरन्शियल' म्हणतात. १०१ न जुळवता धरले असते तर तो २८.३ आला असता. दोन होलमुळे जवळजवळ सहाचा फरक!

आणि हवामान? जुलैच्या पावसात चिखलात खेळणं आणि डिसेंबरच्या कोरड्या सकाळी खेळणं एक नव्हे. त्यासाठी त्या दिवशी खेळलेल्या सगळ्यांचे स्कोअर एकत्र बघतात. सगळ्यांचेच अपेक्षेपेक्षा बरेच वाईट आले, तर दोष खेळाडूंचा नसून दिवसाचा आहे असं मानून डिफरन्शियलमध्ये दुरुस्ती करतात. ही दुरुस्ती −१ ते +३ इतकीच असते. एमएचटी-सीईटीची परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत होते आणि पेपर कमी-जास्त अवघड निघतात म्हणून थेट गुणांऐवजी पर्सेंटाइल काढतात ना, त्याच्या जवळचाच हा विचार.

वीसपैकी आठ

आता शेवटची पायरी. खेळाडूचे अगदी अलीकडचे २० डिफरन्शियल घेतात. त्यातले सगळ्यात चांगले ८ निवडतात. त्या ८ ची सरासरी म्हणजे त्याचा 'हँडिकॅप इंडेक्स'. जास्तीत जास्त तो ५४ असू शकतो.

सगळ्या २० ची सरासरी का नाही? कारण हँडिकॅपला 'हा नेहमी कसा खेळतो' यापेक्षा 'हा काय करून दाखवू शकतो' हे मोजायचं आहे. आणि फक्त सगळ्यात चांगला एकच का नाही? कारण एखाद्या दिवशी नशीबही साथ देतं. आठ वेळा नशीब साथ देत नाही.

हा इंडेक्स घेऊन खेळाडू कुठल्याही मैदानावर गेला की तिथला हँडिकॅप असा काढतो :

इंडेक्स × (स्लोप ÷ ११३) + (कोर्स रेटिंग − पार)

आपल्या खेळाडूचा इंडेक्स १९.८ होता. १९.८ × (१२० ÷ ११३) = २१.०३. त्यात (७१ − ७२), म्हणजे −१ मिळवा. २०.०३, म्हणजे २०. वर आपण जो २० धरला तो असा आला.

नवीन खेळाडूला वीस फेऱ्यांची वाट बघावी लागत नाही. १८ होलच्या तीन फेऱ्या झाल्या तरी चालतं. तिन्हींतला सगळ्यात चांगला डिफरन्शियल घेऊन त्यातून आणखी २ वजा करतात.

मुद्दाम वाईट खेळला तर?

वर्गात सवलत म्हटली की पहिला प्रश्न हाच येतो. गोल्फमध्येही येतो. हँडिकॅप मोठा असेल तर सवलत जास्त, मग कुणी आधी मुद्दाम खराब खेळून हँडिकॅप वाढवला आणि मोठ्या स्पर्धेत अचानक चांगला खेळला तर? मामा म्हणाले, "असे महाभाग सगळीकडे असतात. कॅडीला लगेच कळतं. शेवटच्या होलवर एकदम हात कसा काय बिघडतो!"

म्हणून सवलतीबरोबर कुलपंही दिली आहेत :

१) तीच कमाल मर्यादा. चौथ्या होलवर कुणी मुद्दाम १५ फटके मारले तरी मोजणार ७ च. ज्या नियमाने प्रामाणिक खेळाडूला एका वाईट होलपासून वाचवलं, तोच नियम लबाडाचा हात धरतो. माझ्या मते या सगळ्या पद्धतीतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

२) वाढीला लगाम. गेल्या वर्षभरातला खेळाडूचा सगळ्यात कमी इंडेक्स लक्षात ठेवतात. नवा इंडेक्स त्यापेक्षा ३ पर्यंत वाढला तर ठीक. त्यापुढची वाढ निम्मीच धरतात, आणि एकूण वाढ ५ च्या वर जाऊच देत नाहीत. समजा कमीत कमी १८.० होता आणि हिशेबाने २४.० आला. तर १८ + ३ + (उरलेल्या ३ चे निम्मे १.५) = २२.५.

३) फारच चांगला खेळ. एखाद्या फेरीचा डिफरन्शियल इंडेक्सपेक्षा ७ किंवा जास्त फटक्यांनी चांगला आला तर इंडेक्स आणखी १ ने खाली आणतात. १० किंवा जास्त असेल तर २ ने.

४) शेजारचा माणूस. स्कोअरकार्डावर खेळाडूबरोबर दुसऱ्या माणसाचीही सही लागते. त्याला 'मार्कर' म्हणतात.

या सगळ्या नियमांत एक समान गोष्ट आहे. ते खेळ सुरू व्हायच्या आधी ठरलेले असतात, आणि सगळ्यांना सारखे लागू असतात. अकरा फटके लागल्यावर कुणी येऊन 'माझं जरा बघा' म्हणत नाही. म्हणायची गरजच नसते.

मग वर्गात काय करायचं?

पालकसभेनंतर मी एका आईला हे सगळं उत्साहाने सांगत होते. त्या लगेच म्हणाल्या, "मग बाई, माझ्या मुलाच्या चाचणीचंही काहीतरी करा की." तेव्हा मला कळलं की आपण किती नाजूक जागी उभे आहोत. निकाल लागल्यावर ओळखीने बदललेला गुण म्हणजे मेहेरबानी. आधी ठरवून सगळ्यांना लावलेला नियम म्हणजे न्याय. दोन्हींत गुण वाढलेले दिसतात, पण दोन्ही एक नव्हेत.

म्हणून मी प्रगतिपुस्तकातले गुण बदलले नाहीत. तो अधिकारही माझा नाही. पण आकारिक मूल्यमापनात आपण वर्णनात्मक नोंदी लिहितो ना, त्या लिहिण्याआधी माझ्या वहीत मी आता दुसरा हिशेब ठेवते. सगळ्या मुलांसाठी एकच नियम : मुलाच्या नेहमीच्या गुणांपेक्षा ५ ने कमी ही रेघ. एखाद्या चाचणीत त्याहून खाली गेलं तर कुवतीच्या हिशेबात रेघेइतकेच धरायचे. त्या मुलीची नेहमीची पातळी १५, म्हणून रेघ १० वर. मग तिचे गुण १५, १६, १४, १०, १६. सरासरी १४.२. 'सुधारणा आवश्यक' लिहिणारा माझा हात इथे नक्कीच थांबला असता.

पण एक सावधगिरी. ३ चे १० केले म्हणून त्या ३ कडे बघायचंच नाही, असं करू नका. गोल्फच्या कार्डावरही ११ लिहिलेले राहतात, आणि दुसऱ्या दिवशी खेळाडू त्याच वाळूच्या खड्ड्यात सराव करायला जातो. गुण जुळवणं हे मोजण्यासाठी आहे, शिकवणं टाळण्यासाठी नाही. एखाद्या मुलाला वारंवार ३ च पडत असतील तर तो त्याचा वाईट दिवस नव्हे, तिथे त्याला आपली गरज आहे.

करून बघा : बादली आणि चेंडू

मैदानात सहा ठिकाणी बादल्या ठेवा, काही जवळ, काही लांब. प्रत्येक बादलीचा पार ३ धरा, म्हणजे एकूण पार १८. मुलांनी चेंडू बादलीत पडेपर्यंत टाकायचा आणि प्रयत्न मोजायचे. सरावाच्या तीन फेऱ्या घ्या. त्यातली चांगली फेरी वजा १८ म्हणजे त्या मुलाचा हँडिकॅप. समजा २४ आले, तर हँडिकॅप ६, प्रत्येक बादलीला एक सवलत. त्याची मर्यादा ३ + २ + १ = ६. पुढच्या फेऱ्यांत सहा प्रयत्नांत चेंडू पडला नाही तर ६ लिहून पुढे जायचं. (यामुळे खेळ रेंगाळतही नाही. चाळीस मुलांच्या वर्गात याचं मोल तुम्हाला माहीत आहे.) दर आठवड्याला हँडिकॅप मुलांनीच काढायचा. वजाबाकी, तुलना आणि सरासरी, तिन्हींचा सराव होतो. आणि वर्गात लिंबूटिंबू कुणी उरत नाही. सगळे हिशेबात येतात.

त्या मुलीला मी हे सगळं तिच्या भाषेत समजावून सांगितलं आणि माझा शेरा चुकला होता हेही सांगितलं. तिने विचारलं, "मग बाई, माझे तीन गेले का?"

"नाही गं. तीन तिथेच आहेत. पण तीन म्हणजे तू नाहीस."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तो पेपर मी परत सोडवू?"

मधल्या सुट्टीत तिने तो सोडवला. अपूर्णांकाची दोन गणितं चुकली, बाकीची बरोबर आली. ती दोन आम्ही दुसऱ्या दिवशी फळ्यावर घेतली, आणि पहिला हात तिनेच वर केला.